शाळेच्या तपासणीत कान का नाहीत?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की ठाण्यातल्या मुलांच्या दवाखान्यांत बसायला बाकडं मिळत नाही. माझा पहिलीतला नातू त्या गर्दीतलं नेहमीचं गिऱ्हाईक. सर्दी, दोन दिवस ताप, मध्येच एखाद्या रात्री कान दुखतो म्हणून रडारड. सर्दी ओसरली की आम्हीही विसरून जायचो.

गेल्या वर्षी शाळेतून चिठ्ठी आली, ‘वर्गात लक्ष नसते.’ घरीही तीन हाका मारल्या की एकदा ‘काय?’ यायचं आणि टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना पुरेल एवढा. सुनेला शंका आली होती. मीच म्हणत होते, “अगं, चॉकलेट म्हटलं की बरं ऐकू येतं त्याला!” शेवटी माझं न ऐकता ती त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साठलं होतं. लहान मुलांमध्ये नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद झाली की आत हवा जात नाही आणि पाणी साठतं. बहुतेक वेळा दुखत नाही, कान वाहतही नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. मुलाला मात्र तलावात बुडी मारून ऐकल्यासारखं वाटतं. शांत खोलीत समोर बसून बोललं तर कळतं, पण वर्गाच्या कलकलाटात फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या बाईंचे शब्द निसटतात. चॉकलेटचं कोडं मला तिथे सुटलं.

आता औषधांची पिशवी मिळणार असं वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने थांबू. बऱ्याच मुलांमध्ये हे पाणी आपोआप ओसरतं, अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांनी त्यात फरक पडत नाही. याचं ओसरलं नाही. नाकामागचे अ‍ॅडेनॉइडही वाढलेले निघाले (आपल्याकडे ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतात ते हेच). तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं त्यामुळेच. आम्ही आपले ‘आजोबांवर गेलाय’ म्हणून कौतुक करत होतो. ऑपरेशन करून अ‍ॅडेनॉइड काढले, पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. त्या बहुधा सहा महिने ते वर्षभरात आपोआप गळून पडतात. घरी आल्यावर पोरगा कुकरच्या शिटीला दचकला तेव्हा मी स्वयंपाकघरातच डोळे पुसले.

एक कबुली द्यायलाच हवी. कान दुखला की लसूण घालून कोमट केलेलं तेल मीच त्याच्या कानात सोडत असे. पडद्यामागच्या पाण्यापर्यंत ते पोचतच नाही आणि पडद्याला भोक असेल तर उलट आत जाऊन त्रास वाढवतं. आमच्या पिढीतल्या आज्यांनी ती वाटी आता बाजूला ठेवावी.

पण पत्राचं खरं कारण वेगळं आहे. नातवाच्या शाळेत दरवर्षी तपासणी होते. वजन, उंची, दात, डोळ्यांचा तक्ता सगळं होतं. कानात मात्र बॅटरी मारली की झालं. ऐकू किती येतं हे कुणी बघत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. त्यात श्रवणदोष आणि कानाचे आजार दोन्ही येतात. पण तो अंगणवाड्या आणि सरकारी, अनुदानित शाळांसाठी आहे. ठाण्यातली कितीतरी मुलं खासगी शाळांत जातात, त्यांच्या कानांकडे बघायचं कुणी? सीनियर केजी किंवा पहिलीत एकदा ऐकण्याची चाचणी करणं महापालिकेने सगळ्याच शाळांना सांगावं. मुलाने आवाज आला की हात वर करायचा, एवढीच ती चाचणी. सुई नाही, दुखणं नाही. कुणात दोष निघाला आणि खासगी डॉक्टर परवडत नसेल, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहेच.

आणि शाळेतल्या बाईंना एक विनंती. ‘लक्ष नसते’ लिहून चिठ्ठी धाडाल, तेव्हा खाली ‘कान तपासून घ्यावेत’ एवढं एक वाक्य जोडा.

आपली,
एक आजी
नौपाडा, ठाणे (प.)