ब्राइडकर्कच्या आजोबांना, त्या एका तासाबद्दल

आदरणीय आजोबा,
सादर नमस्कार.

त्या दिवशी मी तुम्हाला ‘सर’ म्हणत होतो. मराठीत लिहायला बसलो आणि हातून ‘आजोबा’च उतरलं. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही जे दाखवलंत ते माझ्या गावाकडच्या माणसांनाही कळायला हवं. तुम्हाला याची इंग्रजी प्रत पाठवीनच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, कंब्रियात, कॉकरमथ नावाचं गाव आहे. इंग्रज कवी वर्डस्वर्थचा जन्म तिथला, 1770 चा. आम्हीही त्याचंच घर बघायला गेलो होतो. तिथून उत्तरेला तीनेक किलोमीटरवर ब्राइडकर्क हे खेडं आणि तिथलं सेंट ब्रिजेटचं चर्च. आजची इमारत एकोणिसाव्या शतकातली, पण आत बाप्तिस्म्याचं जे दगडी कुंड आहे ते बाराव्या शतकातलं. वसईकडची ख्रिस्ती मंडळी ज्याला स्नानसंस्कार म्हणतात, तो या कुंडातल्या पाण्याने होतो.

पाऊस होता आणि दाराला कुलूप. फलकावरच्या नंबरावर फोन केला तेव्हा ‘उद्या या’ असंच ऐकायला मिळेल, असं वाटलं होतं. तुम्ही ओल्या कोटात, काठी टेकत, किल्ली घेऊन आलात.

पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही, आजोबा. चौकोनी दगड, चारी बाजूंनी वेलबुट्टी, चित्रविचित्र प्राणी. एका बाजूला आदाम-हव्वेला बागेतून हाकलताहेत, दुसरीकडे येशूचा बाप्तिस्मा. सुंदर आहे म्हणालो आणि फोटो काढू लागलो. तेव्हा तुम्ही वरचे सगळे दिवे घालवलेत, खिशातली टॉर्च काढलीत आणि दगडाला जवळजवळ टेकवून उजेड आडवा सोडलात. प्रत्येक रेघेला सावली आली. एका पट्टीवर अक्षरं उभी राहिली, रून लिपीतली, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांची. लिपी त्यांची, पण भाषा त्या काळची इंग्रजी बोली. तुम्ही बोट हवेतच फिरवत, दगडाला न लावता, सावकाश वाचून दाखवलंत. ‘रिकार्ड, त्याने मला घडवलं, आणि मनापासून या शोभेला आणलं.’ मूळात दोन्ही ओळींना यमक आहे, तेही तुम्ही दोनदा म्हणून दाखवलंत.

मग टॉर्च जराशी खाली नेलीत. तिथे एक छोटा माणूस, हातात छिन्नी आणि हातोडा, कामात गढलेला. तो रिकार्डच, असं मानतात.

मी तेव्हा गप्प का झालो, ते तुम्ही विचारलं नाहीत. आज सांगतो. माझे वडील पाथरवट. पाटे, वरवंटे, उखळं, जाती घडवायचे. जुन्या जात्यांना टाकी लावायला गावोगाव फिरायचे. गावच्या देवळाच्या पायऱ्या त्यांच्या हातच्या. त्या पायऱ्यांवर नावं आहेत, पण ती देणगी देणाऱ्यांची. त्याचं बाबांना कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. मला वाटायचं, अजूनही वाटतं.

आम्हा मराठी माणसांना शाळेपासून एक शिलालेख ठाऊक असतो. कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला, ‘श्रीचावुंडराजें करवियलें’. आपल्या भाषेच्या सगळ्यात जुन्या लेखांत तो मोजतात आणि मलाही त्याचा अभिमान आहे. पण त्यातलं क्रियापद पाहा: ‘करवियलें’, म्हणजे करवून घेतलं. ज्याने प्रत्यक्ष केलं त्याचं नाव त्या ओळीत नाही. तुमच्या खेड्यातला दगड मात्र स्वतःच बोलतो आणि नाव घेतो ते घडवणाऱ्याचं. शेजारी त्याची मूर्तीसुद्धा, हत्यारांसकट. आठशेहून अधिक वर्षं त्या कुंडाशी आणलेल्या प्रत्येक बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं ते या कारागिराच्या साक्षीने. हे मला अंधारात, तुमच्या टॉर्चच्या उजेडात कळलं. नुसत्या दिव्यांच्या प्रकाशात मी फोटो घेऊन निघून गेलो असतो.

1236 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी अशा कुंडांना झाकण आणि कुलूप लावण्याचा आदेश दिला होता. मंतरलेलं पाणी कोणी जादूटोण्यासाठी चोरू नये म्हणून. किल्ली सांभाळणारा माणूस तेव्हापासून लागतच आला असणार. तुम्ही ती सांभाळता, आणि अनोळखी माणसासाठी पावसात उठून येता.

रात्री बाबांना फोटो पाठवले. त्यांनी मोठे करकरून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “त्याला लिहिता येत होतं?” बाबांना स्वतःची सही तेवढी येते. मग म्हणाले, “हातोडा हलका धरलाय बघ. नक्षीला असाच धरतात.” नंतर बराच वेळ फोन चालूच होता, बोलत कोणीच नव्हतं.

त्यांचा पासपोर्ट आता आला आहे. व्हिसा मिळाला तर उन्हाळ्यात घेऊन येईन. टॉर्च तयार ठेवा. दगडाला हात लावायचा नाही हे मी त्यांना सांगितलंय, पण ते ऐकतील असं वाटत नाही. रिकार्डच्या त्या हातोड्यावर एकदाच, बोटाच्या टोकाने, तेवढं लावू द्या.

तुमचा कृतज्ञ,
त्या पावसातला पाहुणा