गुरुजींनी विचारलेला प्रश्न

कोल्हापूर

चि. निखिल यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या वेळी गुरुजींनी हळू आवाजात "आपल्याकडे वेदोक्त की पुराणोक्त?" असे विचारले आणि तू गोंधळून माझ्याकडे पाहिलेस, तेव्हा मी नुसते "वेदोक्त" म्हणून वेळ मारून नेली. नंतर फोनवर तू हसत विचारलेस की हा काय मेनूकार्डावरचा पर्याय आहे का. तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत उत्तर द्यायला सवड झाली नाही. शिवाय ज्या प्रश्नावरून याच गावात राजा, राजपुरोहित, शंकराचार्य आणि इंग्रज सरकार असे चौघे काही वर्षे गुंतून पडले होते, त्याचे उत्तर फोनवर देणे मला जमलेही नसते.

दोन्ही शब्दांचा अर्थ सोपा आहे. वेदातल्या मंत्रांनी केलेला विधी तो वेदोक्त आणि पुराणातल्या श्लोकांनी केलेला तो पुराणोक्त. शास्त्रीपंडितांच्या मते वेदमंत्रांचा अधिकार मुंज होणाऱ्या वर्णांनाच होता, आणि कलियुगात ब्राह्मण व शूद्र हे दोनच वर्ण उरले असल्याचेही त्यांच्यातले अनेक जण सांगत. हे मत मान्य केले, तर गादीवर बसलेला मराठा राजाही शूद्रच ठरतो. त्याच्या हाती फौज, तिजोरी आणि न्यायासन सगळे असते, पण त्याच्याच घरच्या पूजेत कोणता मंत्र म्हणायचा हे मात्र त्याने पोसलेला पुरोहित ठरवतो.

1899 च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला जात असत. पुरोहित पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, ही गोष्ट बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी त्यांच्या लक्षात आणून दिली. जाब विचारल्यावर पुरोहिताने दिलेले उत्तर गावात अजून सांगितले जाते: शूद्रांना पुराणोक्तच सांगायचे असते आणि त्यासाठी आपण आधी स्नान करण्याचीही गरज नसते. भागवत स्वतः ब्राह्मण होते, हे विसरू नकोस. आपल्याकडे ही गोष्ट दोन जातींची कुस्ती असल्यासारखी रंगवतात, आणि त्यात हा माणूस नेमका गळून पडतो.

हा वाद तेव्हाही नवा नव्हता. बडोद्यात सयाजीरावांनी तीन वर्षे आधीच वेदोक्त सुरू केले होते. त्याच्याही कितीतरी आधी, 6 जून 1674 च्या राज्याभिषेकापूर्वी शिवाजी महाराजांची मुंज करावी लागली होती, तीही चाळिशी उलटल्यानंतर. तो अभिषेक करणारे काशीचे गागाभट्ट हे कमलाकरभट्टांचे पुतणे. शूद्रांनी कोणते विधी कसे करावेत याचा जाडजूड ग्रंथ काकांनी लिहिला आणि पुतण्याने रायगडावर क्षत्रिय म्हणून अभिषेक केला. घराणे एक, पोथ्या त्याच, पण काम निराळे. त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरी गोसाव्याकडून तांत्रिक पद्धतीचा दुसरा अभिषेकही झाला. मी वर्गात हा भाग शिकवत असे तेव्हा मुले हसत, पण ज्याला एक मोहोर पुरेशी वाटत नाही तो दुसरीही उमटवून घेतो, यात मला तरी हसण्यासारखे काही दिसत नाही.

कोल्हापुरात पुढे जे घडले, त्यात पोथीपेक्षा जमिनीचा भाग मोठा आहे. राजोपाध्यांनी, म्हणजे राजपुरोहितांनी, वेदोक्त विधी करायला नकार दिला, तेव्हा दरबाराने 1902 मध्ये त्यांची इनामे जप्त केली. ती ज्या सेवेसाठी दिली होती ती सेवा होत नसेल तर इनाम कशाचे, असा दरबाराचा युक्तिवाद होता. 'केसरी'ने राजोपाध्यांची बाजू घेतली. राजोपाध्ये दाद मागत मुंबई सरकारकडे आणि पुढे हिंदुस्थान सरकारकडे गेले, पण दोन्हीकडे त्यांची मागणी फेटाळली गेली. कोणी कोणता वेदमंत्र ऐकावा या वादातले शेवटचे अपील ज्यांना वेदाचे एक अक्षर ठाऊक नव्हते अशा साहेबांपुढे चालले, हे त्यातल्या एकाही पक्षाला विचित्र वाटले नसावे. करवीर पीठाच्या शंकराचार्यांशीही दरबाराचा झगडा झाला, मठाच्या उत्पन्नावर टाच आली, आणि 1905 मध्ये पीठाने छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य केला.

आता मला जे सांगायचे आहे ते इथे येते. या सगळ्या काळात वेदातली एक ओळही बदलली नव्हती. 1899 मध्ये जो ग्रंथ "नाही" म्हणत होता, तोच 1905 मध्ये "हो" म्हणू लागला. मधल्या काळात बदलले ते एवढेच, की वाचणाऱ्याचे अन्न कोणाच्या हाती आहे हे दोन्ही बाजूंना लख्ख कळले. ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायात वेदाला कृपण म्हटले आहे, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. मला वाटते, कृपण वेद नव्हता, त्याच्या किल्ल्या सांभाळणारे होते, आणि किल्ल्या सांभाळणाऱ्याला नेहमी कोणीतरी पगार देत असते.

महाराजांची बाजू न्यायाची होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि आपण मराठ्याच्या घरातले म्हणून मी हे म्हणते आहे असे वाटत असेल, तर 26 जुलै 1902 चा त्यांचा आदेश वाच. इनामे जप्त झाली त्याच वर्षी, महाराज विलायतेत असताना, राज्याच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. 1894 मध्ये, ते गादीवर आले तेव्हा, दरबारच्या 71 जागांपैकी 60 जागांवर ब्राह्मण होते. नदीकाठचा अपमान स्वतःपुरता भरून घेऊन हा माणूस थांबला नाही, आणि क्षत्रियत्वाचा शिक्का मिळाल्यावर स्वस्थ बसलेल्या इतर संस्थानिकांहून तो मला वेगळा वाटतो तो यासाठीच.

पण एक काटा राहतोच. इनाम जप्त करून मिळवलेली मान्यता ही सत्तेने मिळवलेली मान्यता असते. त्या दिवशी राजा न्यायी होता, पण दुसऱ्या एखाद्या राजाने याच मार्गाने उलटा अर्थ काढून घेतला असता, तर त्याला अडवणारे कोण होते? पुढे 1920 मध्ये महाराजांनी सदाशिवराव बेनाडीकर या तरुण मराठ्याला क्षात्रजगद्गुरू नेमले. ब्राह्मण धर्मगुरूंची मध्यस्थी संपवण्यासाठी हे केले, हे समजते, तरी जगाचा गुरू राजाच्या हुकमाने नेमला जातो हे वाचताना मी दर वेळी अडखळते. बत्तीस वर्षे शिकवूनही या ठिकाणी मला मुलांना समाधानकारक उत्तर देता आले नाही.

माझ्या लग्नात भटजींनी हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा तुझ्या आजोबांनी सांगितले, "मुलीला जे कळेल ते म्हणा." भटजी क्षणभर थांबले आणि मग त्यांनी प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगितला. त्याने लग्न पाऊण तास लांबले आणि वरपक्ष जेवणासाठी ताटकळला. तुझ्या घरी मी तसे म्हणायला हवे होते, पण ऐन वेळी सुचले नाही.

सौ. सूनबाईंना आशीर्वाद सांग. देवघराची फळी अजून भिंतीला नीट बसलेली नाही, ती सुताराकडून करून घे.

तुझी,
आई