चाच्याच्या गुत्त्यातून मन्याला पत्र

बॉस्टन, १२ ऑक्टोबर

प्रिय मन्या,

काय बे, व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तर तू नुसता अंगठा दाखवतोस, म्हणून म्हटलं आता सरळ पत्रच लिहायचं, बस वाचत. पोरीकडे येऊन दीड महिना झाला. तब्येत ठीक, शुगर बॉर्डरवर, थंडी मात्र आत्तापासूनच हाडात शिरायला लागलीय.

परवाच्या रविवारी जावईबापू म्हणाले, बाबा चला, न्यूपोर्टला जाऊ. इथून कारने दीडेक तास, ऱ्होड आयलंड नावाचं इवलंसं राज्य आहे त्यातलं समुद्रकाठचं गाव. तिथं व्हाइट हॉर्स टॅव्हर्न म्हणून एक जुना गुत्ता आहे, गुत्ता म्हणजे आता बरंच महागडं रेस्टॉरंट. घर १६५२ चं, गुत्ता सुरू झाला १६७३ ला. म्हणजे लका, इकडं महाराजांचा राज्याभिषेक व्हायचा होता तेव्हा तिथं दारू विकली जात होती आणि आजही चालू आहे. लाल रंगाचं लाकडी घर, आत छत इतकं बुटकं की सहाफुटी जावयांनी दारातून आत शिरतानाच तुळईला टाळकं आपटून घेतलं, आणि चुलाण्याएवढी मोठी फायरप्लेस, त्यात अख्खा बोकड भाजता येईल. कोपऱ्यावरच्या रस्त्याचं नाव फेअरवेल स्ट्रीट, तो पुढे जातो कब्रस्तानात. गुत्त्याचा पत्ता म्हणून अगदी करेक्ट आहे. आम्ही शिंपल्यांचं दुधातलं सूप घेतलं, हिने अर्थातच ब्रेड-बटरवर भागवलं आणि वर मला ऐकवलं की एवढ्या पैशात पंढरपूरची वारी झाली असती.

पण तुला लिहितोय ते वेगळ्याच कारणासाठी. हा गुत्ता ज्याने काढला तो विल्यम मेज, आणि त्याचा पोरगा, त्याचंही नाव विल्यम मेजच, तो होता चाचा. पायरेट रे. आणि चाचेगिरी कुठं केली तर तांबड्या समुद्रात, हजहून सुरतेला परत येणाऱ्या जहाजांवर! मी सूप पीत पीत मोबाईलवर वाचत होतो आणि चमचा हातातच राहिला.

झालं असं की १६९५ साली हेन्री एव्हरी नावाचा इंग्रज खलाशी ४६ तोफांचं फॅन्सी नावाचं जहाज घेऊन तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बाबेलमांदेबच्या चिंचोळीत दबा धरून बसला. हे जहाज त्याने आदल्या वर्षी स्पेनच्या बंदरात मालकाला टांग मारून पळवलेलं. तिथं अमेरिकेतून आलेले आणखी चाचे त्याला मिळाले, त्यात पर्ल जहाजावर हा आपला मेज आणि ॲमिटी जहाजावर थॉमस ट्यू, तोही न्यूपोर्टचाच. ट्यूने आधीच्या सफरीत एकेका माणसाला म्हणे १२०० पौंड वाटले होते, आणि साध्या खलाशाला तेव्हा महिन्याला दीड-दोन पौंड पगार, म्हणजे पन्नासेक वर्षांचा पगार एका झटक्यात. आता सांग, कुठला पोरगा घरी बसेल? गावातल्या गुत्त्यात एकाने रुपया वाजवला की दहाजण बोटीवर चढायचे.

या खेपेला मात्र ट्यू मेला. सुरतेचा बडा व्यापारी अब्दुल गफूर, त्याचं फतेह मुहम्मद जहाज गाठताना तोफेचा गोळा लागून गेला. ते जहाज नंतर एव्हरीने लुटलं आणि मग गाठलं खुद्द औरंगजेबाचं गंज-ए-सवाई. मुघल इतिहासकार खाफी खान लिहितो की त्यावर ८० तोफा होत्या, ४०० बंदुका होत्या आणि ५२ लाख रुपयांचं सोनंनाणं होतं. पण त्यांची एक तोफ आपल्याच लोकांत फुटली, चाच्यांच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी पडली आणि नाखवा इब्राहिम खान तळघरात जाऊन लपला. पुढे बरेच दिवस त्या जहाजावर जे चाललं ते लिहवत नाही. हजहून येणाऱ्या बायकांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या घेतल्या. सिनेमातल्या चाच्यांच्या खांद्यावर पोपट असतो ना, तो बघताना आता मला हेच आठवणार.

आणि मन्या, ही बातमी औरंगजेबाकडे पोचली तेव्हा तो होता कुठं? तुझ्या सासुरवाडीला! मंगळवेढ्याजवळ, भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आपल्या माचणूरच्या किल्ल्यावर तळ ठोकून बसलेला, १६९५ ते ९९. आपण मॅट्रिकच्या सुट्टीत सायकली घेऊन गेलो होतो, सिद्धेश्वराच्या घाटावर पोहलो आणि तू तटावर नाव कोरायला गेलास तर पुजारीबुवांनी पळवून लावलं, आठवतंय? तिथं बसलेल्या बादशहाला या न्यूपोर्टच्या पोरांनी लुटलं. इकडं संताजी-धनाजी झोप उडवत होते, तिकडं समुद्रावर हे. सुरतेच्या वखारीतले इंग्रज बेड्या घालून कोंडले गेले, त्यांचा मुख्य ॲनस्लीसकट. ईस्ट इंडिया कंपनी घाबरली, एव्हरीला पकडायला सरकारने ५०० पौंड बक्षीस लावलं होतं ते कंपनीने १००० केलं, आणि तो सापडलाच नाही! बहामात नासाऊला गेला, गव्हर्नर ट्रॉटला हस्तिदंत, बंदुकीची दारू आणि रोख असं सगळं देऊन गप्प केलं आणि गायब. खटला चालला तो त्याच्या सहा माणसांवर, लंडनच्या ज्युरीने त्यांना पहिल्यांदा चक्क निर्दोष सोडलं, मग दुसऱ्या आरोपावर खटला चालवून पाचांना फाशी दिली.

आता तुझ्यासाठी खास. पस्तीस वर्षं आपण कॅश काउंटरवर नोटा मोजल्या ना? तर लुटीनंतर एव्हरीच्या माणसांनी पर्लवाल्यांकडून चांदी देऊन सोनं बदलून घेतलं आणि बघतात तर काय, नाण्यांच्या कडा कातरलेल्या! चोरीच्या मालातही कटिंग. मग त्यांनी मेजच्या लोकांचा सगळा वाटा काढून घेतला आणि शिधा-पाण्याला २००० रियाल टेकवून वाटेला लावलं. मला तर वाटलं की त्या जहाजावर आपल्या ब्रँचचा एखादा ऑडिटर असणार.

एवढी फजिती होऊनही मेज गावात परतला आणि १७०२ मध्ये त्याला बापाच्या गुत्त्यात सर्व प्रकारची कडक दारू विकायचं लायसन मिळालं. कुणी विचारलं नाही की बाबा इतकी वर्षं होतास कुठं. वसाहतीची असेंब्ली, कोर्ट, गावचं कौन्सिल यांच्या बैठका त्याच गुत्त्यात भरायच्या, म्हणजे आपली झेडपीची मीटिंग बारमध्ये. न्यूयॉर्कचा गव्हर्नर फ्लेचर तर त्या ट्यूला बग्गीतून फिरवायचा, आणि वरून जाब विचारल्यावर म्हणाला की या माणसाला शिव्या द्यायची वाईट सवय आहे ती सोडवायला मी त्याला पुस्तक दिलं. पुस्तक! शिवाय त्याला घड्याळ भेट दिलं ते वेगळं.

मग मला वाटलं गावच चोरांचं होतं का, तर तसंही नाही. १७२३ च्या जुलैत याच न्यूपोर्टमध्ये एका दिवशी २६ चाच्यांना फाशी दिली. फरक इतकाच की यांनी अटलांटिकमध्ये इकडच्याच व्यापाऱ्यांची जहाजं लुटली होती. मक्केहून येणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना लुटलं तर लायसन, न्यूपोर्टच्या शेठजींच्या मालाला हात लावला तर दोरी. आणि याच शेठजींनी पुढे रम गाळून आफ्रिकेत नेली, तिच्या बदल्यात माणसं विकत घेतली, ते कुणालाच गुन्हा वाटलं नाही. त्याच काळात आपल्या कान्होजी आंग्र्यांना, सातारच्या दरबारच्या सरखेलाला, कंपनीवाले पायरेट म्हणून लिहीत होते.

हां, आणि मेनूत पंच होतं. वेटरला मी सांगितलं की हा शब्द आमच्याकडचा, पंच म्हणजे पाच, दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला, असं म्हणतात बरं का. १६३८ ला सुरतेत आलेल्या एका जर्मन प्रवाशाने तिथल्या इंग्रजांना असलंच काहीतरी गुलाबपाणी घालून पिताना पाहिलं होतं. वेटर म्हणाला ओह वॉव, आणि बिल ठेवून गेला. बिल बघून मला खरंच गंज-ए-सवाईच्या नाखव्यासारखं तळघरात जाऊन लपावंसं वाटलं.

एक काम कर. २०१४ ला न्यूपोर्टच्या शेजारच्या गावात मातीत येमेनचं चांदीचं नाणं सापडलं, १६९३ चं, एव्हरीच्याच माणसांनी आणलं असावं असं म्हणतात. एवढुसं आहे, वर अरबी अक्षरं. फोटो पाठवतो. तू वहिनींना घेऊन माहेरी जाशील तेव्हा माचणूरला जरा चक्कर मार आणि भीमेच्या बाजूच्या तटाचे चार फोटो काढून पाठव, तुझा अंगठा मध्ये येऊ देऊ नकोस. मी डिसेंबरअखेर परत येतोय, तोवर तुझ्या सासऱ्यांच्या रानात हुरडा आलेला असेल. सुरतीच ठेव म्हणावं.

तुझा,
बंड्या