नदीपलीकडचं मत

महोदय,
माझी बहीण सातार्डा पुलापलीकडे, गोव्यातल्या पेडण्यात दिलेली. आमच्या दोघांच्या घरांमध्ये तेरेखोल नदी तेवढी आडवी. पण तिचं मत आणि माझं मत यांचं वजन मात्र एक नाही.

गोव्याला 40 आमदार, 2022 च्या निवडणुकीत मतदार साधारण साडेअकरा लाख. म्हणजे एका आमदारामागे सरासरी 29 हजार. आमच्या सावंतवाडी मतदारसंघात मात्र वेंगुर्ले, दोडामार्गसह तीन तालुके आणि दोन लाखांहून जास्त मतदार! तिच्याकडे उमेदवार पडवीत बसून चहा घेतो, म्हशीचीही चौकशी करतो. आमच्याकडे भोंग्याची जीप येते, धूळ उडवून जाते. 2022 मध्ये गोव्यातल्या सांत आंद्रे मतदारसंघाचा निकाल अवघ्या 76 मतांनी फिरला. आमच्याकडे 76 मतं म्हणजे एका वाडीची बेरीज.

गंमत अशी, की राष्ट्रपती निवडताना 1971 च्या लोकसंख्येनुसार महाराष्ट्रातील आमदाराच्या मताला 175 मूल्य, गोव्यातील आमदाराच्या मताला 20. आमदारांसाठी तराजू काढला, मतदारासाठी नाही.

छोट्या राज्याला स्वतःची विधानसभा हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण राज्यांच्या लोकसभेच्या जागांची वाटणी आजही 1971 च्याच जनगणनेवर आहे. ती नव्याने होईल तेव्हा भांडण उत्तर-दक्षिणेचंच रंगणार, हे दिसतंच आहे. त्या गदारोळात एका आमदाराला तीन-तीन तालुके फिरावे लागतात, याकडेही कुणीतरी बघावं.

– एक वाचक, सावंतवाडी