मृत्युपत्राची वेळ साठीनंतर नव्हे, पहिल्या घराबरोबर

संपादक महोदय,
स. न.

मृत्युपत्राचा विषय निघाला की ‘अजून काय घाई आहे’ म्हणून तो बाजूला सारला जातो, आणि बहुतेक घरांत हा कागद निवृत्तीनंतर किंवा थेट आजारपणात लिहिला जातो. वेळ निवडताना होणारी ही मोठी चूक आहे, म्हणून हे पत्र.

कायद्याची अट फक्त दोन गोष्टींची आहे: वय 18 पूर्ण आणि मन शाबूत. त्यामुळे वय किती झाले यापेक्षा ‘उद्या मी नसलो तर कोणाचे अडेल’ हा प्रश्न विचारावा. बत्तीस वर्षांचा एक गृहस्थ घ्या. स्वतःच्या नावावर कर्जाचा फ्लॅट, पत्नी, दोन वर्षांचे मूल, आई आणि वडील. तो मृत्युपत्राविना गेला, तर हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार फ्लॅटचे तीन समान वाटे होतात: पत्नी, मूल आणि आई. वडील दुसऱ्या वर्गातले वारस असल्याने त्यांना काही नाही. खरी अडचण मुलाच्या वाट्याची. मूल अज्ञान (म्हणजे 18 वर्षांखालचे) असेपर्यंत त्याचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच्या आईलाही विकता येत नाही. हप्ते चालू, घर विकून कर्ज फेडायचे तर अर्ज आणि तारखा. एका पानाच्या मृत्युपत्राने हे सगळे टळले असते. म्हणून ज्या महिन्यात घराचा करारनामा नोंदवला किंवा मूल जन्मले, त्याच महिन्यात हा कागद करावा. पती-पत्नीने आपापले स्वतंत्र मृत्युपत्र करावे आणि दोघेही गेल्यास मुलाचा पालक कोण, ते नाव दोन्हींत एकच लिहावे.

स्त्रियांनी तर अजिबात थांबू नये. याच कायद्याच्या कलम 15 प्रमाणे अपत्य नसलेली विधवा मृत्युपत्राविना गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेले घरसुद्धा आधी तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आई-वडील त्यांच्यानंतर येतात. आई-वडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेचा नियम वेगळा आहे, पण स्वकष्टार्जिताचा हाच. म्हातारे आई-वडील मुलीवर अवलंबून असतील, तर लग्न झाल्या झाल्या तिने मृत्युपत्र करावे, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

लग्न ही जुने मृत्युपत्र काढून वाचण्याचीही वेळ आहे. हिंदूंचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही. लग्नाआधी सगळे भावाच्या नावे लिहिले असेल, तर ते तसेच उभे राहते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीचे मात्र लग्नाने आपोआप रद्द होते, ते पुन्हा करावे लागते. घटस्फोटाने जुन्या जोडीदाराचे नाव आपोआप गळत नाही. मुस्लिम व्यक्तीला सर्वसाधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मालमत्ता वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने देता येत नाही.

आता आजारपणातल्या मृत्युपत्राबद्दल. ते बेकायदा नसते, पण न्यायालयात तेच डळमळते. थरथरती सही, औषधांची गुंगी आणि ज्याला सर्वाधिक मिळणार त्यानेच वकील आणला, मजकूर सांगितला, साक्षीदार बोलावले. अशा संशयास्पद परिस्थितीचा खुलासा मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच करायचा असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच स्पष्ट केले आहे. वेळ तीच आली असेल, तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे आणि लाभ मिळणाऱ्याने खोलीबाहेर थांबावे.

कागद साधा चालतो. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीही ऐच्छिक. नोंदणी केलेले मृत्युपत्र नंतरच्या साध्या कागदावरच्या मृत्युपत्रानेही बदलता येते. सक्तीचे आहेत ते दोन साक्षीदार. प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझी’ असे तुमच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्याने स्वतःची सही तुमच्यासमोर करावी. कागद त्यांच्या घरी पाठवून सह्या गोळा केल्या, की तिथेच मृत्युपत्र संपले. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. साक्षीदारांना मजकूर दाखवण्याची गरज नसते. ते तुमच्यापेक्षा वयाने लहान, पत्ता माहीत असलेले आणि ज्यांना काही मिळणार नाही असे निवडा, कारण पुढे त्यांच्यापैकी एकाला तरी न्यायालयात उभे राहावे लागू शकते. तिशीत केलेला कागद पन्नाशीत पुन्हा करावा, यामागचे एक कारण हेही आहे.

नंतर पेनाने खाडाखोड करू नका. साक्षीदारांसमोर रीतसर सही न झालेली दुरुस्ती धरली जात नाही. बदल छोटा असेल तर पुरवणी, मोठा असेल तर नवे मृत्युपत्र, आणि त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य. ठेवींच्या रकमा लिहू नयेत, त्या बदलत राहतात. शेवटी ‘मृत्यूच्या दिवशी माझ्या नावावर असलेली उर्वरित सर्व मालमत्ता’ कोणाला, हे एक कलम हवेच. ज्याला द्यायचे तो आधी गेला तर पुढचा कोण, तेही लिहा.

‘नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला’ हा समज पांढरपेशा घरांतही घट्ट आहे. कंपनीच्या शेअरबाबत नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये दिला. सर्वसाधारणपणे नॉमिनीच्या हातात पैसा येतो, पण मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ज्यांना हक्कदार ठरवतो त्यांना तो द्यावा लागतो.

मूळ प्रत एकट्याच्या नावावरच्या बँक लॉकरमध्ये ठेवू नये, कारण तो उघडायलाच मृत्यूनंतरचे सोपस्कार लागतात. ती घरातल्या कपाटात ठेवा किंवा मोहोरबंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे जमा करा, आणि ती कुठे आहे हे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करण्यासाठी त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाला आजच सांगा.

आपले,
दस्तलेखनाच्या कामातील काही वाचक