मणी आवाजावर तरंगत होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तासगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मुलगी नववीत आहे. डिसेंबरातल्या एका विज्ञान प्रदर्शनात तिने आणि तिच्या मैत्रिणीने थर्माकोलचे तीन मणी हवेत तरंगत ठेवले होते. परीक्षकांनी मध्ये बोट घातलं, मणी पडले. ‘दोरा तुटला बघा’ म्हणून ते पुढच्या टेबलाकडे गेले. मुलींना एक शब्द बोलू दिला नाही. मी मागेच उभा होतो, फार वाईट वाटलं.

दोरा नव्हताच. गाडीच्या रिव्हर्स सेन्सरमध्ये असतात तशा दोन डब्या दोन सेंटिमीटरवर समोरासमोर बसवल्या होत्या. त्या सेकंदाला ४०,००० कंपनांचा आवाज काढतात. २०,०००च्या वरचं माणसाला ऐकू येत नाही, म्हणून सगळं शांत वाटतं. दोन्हीकडचे आवाज मिसळून मध्ये स्थिर लहर उभी राहते आणि हलका मणी तिच्या निस्पंद बिंदूपाशी, म्हणजे हवेचा दाब जिथे वर-खाली होत नाही तिथे, अडकून राहतो. एका डबीचा ठेका किंचित मागेपुढे केला की मणीही वर-खाली सरकतो. पंख्याचा वारा मात्र त्याला सोसत नाही.

पोरींनी मोजमापही केलं होतं. शेजारी पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढला. पहिल्या मण्यापासून तिसऱ्यापर्यंत ८.७ मिलीमीटर. शेजारच्या दोन निस्पंद बिंदूंमध्ये अर्धी तरंगलांबी असते, म्हणजे ही एक पूर्ण तरंगलांबी. त्याला ४०,०००ने गुणलं की सेकंदाला ३४८ मीटर. त्या दुपारी २८ अंश तापमान होतं आणि तेवढ्या उष्म्यात आवाजाचा वेग हवेत तेवढाच असतो! हा हिशेब तक्त्यावर लिहिलेला होता. तो कुणी वाचला नाही.

ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशाच ७२ डब्यांचं यंत्र करून त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यात पाण्याचा थेंबसुद्धा अधांतरी राहतो. भांड्याचा स्पर्श न होता थेंब तपासता येतो, म्हणून औषधांच्या संशोधनातही ही पद्धत वापरतात.

प्रदर्शन भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक टेबलापाशी परीक्षकांनी निदान पाच मिनिटं थांबावं. शंका आली तर ‘हे सिद्ध कसं करशील?’ असं मुलांनाच विचारावं आणि त्यांचं उत्तर पुरतं ऐकून घ्यावं.

ती मांडणी सध्या माझ्या दुकानात आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन कधीही यावं. पंखा बंद करतो, मुली स्वतः दाखवतील.

– एक पालक, तासगाव, जि. सांगली