दोन मिस्ड कॉल

शहादा

चि. माई,
अनेक आशीर्वाद.

आखाजीचा झोका अजून कडुनिंबालाच आहे. तुझी आई सोडू देत नाही.

तू ताटावरून उठून गेलीस त्याला आज सहा दिवस झाले. खापरावरचा मांडा अर्धाच खाल्ला होतास, आमरसाची वाटी तशीच राहिली. ‘लोकांच्या रडण्याचं शूटिंग करून कोणाचं भलं झालंय?’ असं मी बोलायला नको होतं. नंदुरबारला गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभा होतो. तू दारात आली नाहीस. तुझा राग बरोबर होता. मणिपूरला जाऊ नकोस, असं मी आता म्हणणार नाही.

फक्त एक विचारायचं राहिलं. कॅमेऱ्याला डोळा लावलास की तू डावा डोळा मिटतेस. गौराईची गाणी चालली होती तेव्हा मी ओट्यावरून बघत होतो. चिंटूने डावीकडून सायकल आणली, तुझ्या कोपराला घासून गेली, तुला पत्ताही नाही. तुझ्या त्या साउंडवाल्या पोराच्या कानांवर हेडफोन. तुझं लक्ष समोर, त्याचं माइकमध्ये. मग डावीकडे कोण बघतं?

एकतीस वर्षं एसटी चालवली, पण गाडी मागे घेताना नुसत्या आरशावर कधी विसंबलो नाही. कंडक्टर खाली उतरायचा, शिटी मारायचा, मागच्या पत्र्यावर थाप देत राहायचा. थाप थांबली की ब्रेक. देवगोई घाटात समोरून ट्रक आला की कितीदा तरी दरीच्या अंगाने गाडी मागे घेतली. दरी मला दिसायची नाही, थाप ऐकू यायची. तुमच्या कामात असा माणूस असतो का? नसला तर ठेव. त्याचा पगार मी देईन, पेन्शनमधून जमेल तेवढा.

३ मे २०२३ पासून तिथं काय काय झालं ते मी वाचत असतो. ६०,००० हून अधिक माणसं घरादारातून उठली. मैतेई एकीकडे, कुकी दुसरीकडे, मधल्या पट्ट्यात सुरक्षा दलं. तू दोन्हीकडच्या छावण्यांतल्या बायकांशी बोलणार. म्हणजे इकडच्यांना तू तिकडची वाटशील आणि तिकडच्यांना इकडची. हे तुझ्या लक्षात आलं नसेल असं नाही. पण गर्दी तापली की माणूस कोण, कशाला आला, हे कोणी विचारत नाही. १९९३ च्या नोव्हेंबरात आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा धुळे जिल्हा होता, नर्मदेच्या धरणाला विरोध चालला होता, पोलिसांच्या गोळीबारात रेहमल पुन्या वसावे गेला. पंधरा वर्षांचा पोरगा. दुसऱ्या दिवशी माझी गाडी भरलेली होती आणि मोलगीपर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. ती शांतता अजून माझ्या कानात आहे.

बघ, पुन्हा तेच. समजावायला बसलो आणि घाबरवायला लागलो. माफ कर.

दिवाळीत तू लॅपटॉपवर लायबेरियाच्या बायकांची फिल्म दाखवलीस, ती मी विसरलेलो नाही. पांढरे कपडे घालून मासळी बाजाराजवळच्या मैदानात बसलेल्या, ख्रिश्चन आणि मुसलमान एकत्र, उन्हात, पावसात. मग घानात, अक्रात बोलणी लांबायला लागली तशा हॉलच्या दारातच बसल्या, करार होईपर्यंत हलणार नाही म्हणाल्या. ऑगस्ट २००३ मध्ये करार झाला. तू तेव्हा म्हणालीस, ‘आप्पा, त्या युद्धाचं चित्रीकरण भरपूर आहे, पण या बायकांचं शोधून शोधून थोडंसंच सापडलं. कॅमेरे बंदुकीकडे वळतात. नुसत्या बसलेल्या बाईकडे कोण वळणार?’ मी काही बोललो नाही, पण रात्री झोप आली नाही. आपली पोर हा विचार करते, याचा फार अभिमान वाटला. तो त्याच वेळी सांगायला हवा होता.

आणि मग गेल्या आठवड्यात मोबाइलवर मी ब्रेंट रेनोबद्दल वाचलं. तोही निर्वासितांवरच फिल्म करत होता. मार्च २०२२ मध्ये युक्रेनला, इरपिनमध्ये त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. पन्नास वर्षांचा होता, अनेक युद्धं बघितलेला माणूस. एवढ्या अनुभवी माणसाचं असं होतं, तर तुझ्या डाव्या बाजूला कोण आहे, हे मी विचारणारच ना गं?

जात्याची गोष्ट आठवते? तू सातवीत होतीस तेव्हा सांगितली होती. नर्मदाकाठची म्हातारी, गाव धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून तळोद्याकडच्या वसाहतीत निघालेली. जवळ एक बोचकं, दोन कोंबड्या आणि जात्याची खालची तळी. कंडक्टर म्हणाला, टपावर टाकू. तिने दिली नाही. सीटखाली दोन्ही पावलांमध्ये धरून बसली. वळणावर तळी सरकली की पत्र्यावर घासल्याचा आवाज यायचा, मग ती टाचेने पुन्हा आत ओढायची. मी तिला आतल्या आरशात बघत होतो. वरची तळी कुठे राहिली, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. गाडी वेळेत न्यायची होती. तू ते सगळं वहीत लिहून काढलंस आणि खाली लिहिलंस, ‘आप्पांनी विचारायला हवं होतं.’ ती वही माझ्या कपाटात आहे. तुला हे वेड माझ्यामुळेच लागलं असावं, म्हणून तुझ्यावर चिडलो त्यापेक्षा जास्त स्वतःवर चिडलो.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे, एकेका अध्यायावर एकेक रविवार, आणि साने गुरुजी लिहून घ्यायचे. गुरुजींनी लिहून घेतलं म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. तू लिहून घेणारी आहेस. हे त्या दिवशी ताटावर बोलायचं होतं, तोंडातून भलतंच निघालं.

जिजी रोज दारात बसून एकच विचारते, ‘कव्हय येशी व माय?’ तू समोर नसताना तुलाच विचारते.

तिथं नेट कधीही बंद होतं म्हणतात. मोठे निरोप नकोत. रोज रात्री नऊला नुसते दोन मिस्ड कॉल दे. डबल बेल. मी समजेन की गाडी पुढे निघाली. एकच आला तर मी फोन करीन, उचल.

तुझे
आप्पा

ता.क. पार्सलमध्ये आईने बिबड्या आणि कळण्याचं पीठ दिलंय. तिकडे दमट हवा, बिबड्या डब्यातच ठेव. पगाराचं बोललो ते खरं धर. माणूस ठरला की त्याचं नाव आणि नंबर कळव.